एकाच उपासनेत तीन पिढ्या

जुन्नरचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे शिवनेरी उभा राहतो. पण याच तालुक्यात ओतूर आहे आणि तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी तिथे आहे, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. जुन्नर-आंबेगावच्या खेड्यांत एकादशीला भजन रंगते, तेव्हा म्हातारबाबा चाल धरतात, बाप मृदंगावर बसतो आणि पोर टाळ वाजवता वाजवता आजीच्या मांडीवर झोपी जाते. भजन त्याला मुद्दाम शिकवावे लागत नाही. ते कानावाटे आत जाते.

एकोणिसाव्या शतकात या मुलखात ख्रिस्ती मिशनऱ्यांचे काम सुरू झाले. जुन्नरास चर्च मिशनरी सोसायटीचे ठाणे होते. पलीकडे अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून काम करीत होते. त्या काळी बाप्तिस्मा म्हणजे पुष्कळदा घराची ताटातूटच. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० साली. मधल्या वर्षांत त्या माउलीने काय सोसले, ते ‘स्मृतिचित्रां’त वाचावे.

घर तुटलेल्या माणसाला चर्च हेच घर. पण तिथली पुष्कळशी गीते विलायती चालींवर, छापील पुस्तकातून म्हणायची. ज्याला अक्षर येते त्याने गावे. म्हातारीने हात जोडून गप्प बसावे आणि मुलाने चुळबुळ करावी. एका छपराखाली बसूनही उपासना वेगवेगळीच!

यावरचा उपाय आपल्याच मातीत होता. १८६० नंतरच्या काळात अहमदनगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडा पाडला. पुढे टिळकांनी अभंग आणि भजने रचून चर्चला मराठी कंठ दिला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. आता भजनाची रीत पाहा. एकाने चरण म्हणायचा, बाकीच्यांनी तो उचलायचा. पुस्तकाची गरज नाही. वाचता न येणारी आजी आणि अजून वाचायला न शिकलेला नातू एका पंक्तीला येतात. कीर्तनातले आख्यान मुलाला गोष्ट म्हणून आवडते, आजोबांना त्यात आयुष्याचा अर्थ सापडतो.

अशा घरात काम एका हयातीत संपावे लागत नाही. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ १९१९ साली त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले; लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली. त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’चा शेवटचा भाग अपुरा राहिला, तो मुलाने, देवदत्तांनी, पुरा केला.

आज पुष्कळ चर्चमध्ये लहान मुले संडे स्कूलच्या खोलीत असतात, तरुणांचा गिटारचा मेळा निराळा आणि वडीलधारे पुढच्या बाकांवर. यात गैर काही नाही. ज्याला जे पचते ते त्याला द्यावेच. पण आठवड्यातून निदान एक घटका सगळ्यांनी एकत्र बसावे. पोर चुळबुळ करील, म्हाताऱ्यांचा सूर हलेल. तेवढे चालवून घ्यावे. आजीचा हलणारा सूर जो नातू ऐकतो, त्यालाच उद्या तो चरण उचलता येईल.