रविवारचं कॉलेज

आमच्या जळगावच्या घरात रविवारचा सकाळचा स्वयंपाक बाबांकडे असायचा. आठवडाभर शिलाई मशीनवर बसलेली आई त्या दिवशी पिशवीत पुस्तकं घालून अभ्यासकेंद्रात जायची. दहावीनंतर लग्न, मग आम्ही दोघं भावंडं, आणि अडतिसाव्या वर्षी बी.ए. मी सातवीत होतो. मित्रानं विचारलं, "तुझी आई रविवारी कुठे जाते?" मी सांगितलं, "मावशीकडे." तेव्हा मला आईच्या कॉलेजची लाज वाटायची. आता त्या उत्तराची वाटते.

हे कॉलेज आलं कुठून, ते मी फार उशिरा शोधलं. ब्रिटनमध्ये 1969 साली मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली आणि 1971 पासून नोकरदार, गृहिणी घरी बसून पदवीचा अभ्यास करू लागले. आपल्याकडे 1982 मध्ये हैदराबादला आणि 1985 मध्ये दिल्लीला अशी विद्यापीठं उभी राहिली. महाराष्ट्रानं वेगळा कायदा केला आणि 1989 च्या जुलैत नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले. त्याआधी ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. ब्रीद ठरलं 'ज्ञानगंगा घरोघरी'.

बारावी झाली नसेल, तर पूर्वतयारीचा शिक्षणक्रम पूर्ण करून बी.ए.ला प्रवेश मिळायचा. माझ्या आईसाठी दार उघडलं ते इथे. शिकवणाऱ्याला तिथे 'संमंत्रक' म्हणायचे. वर्ग कमी, म्हणून पुस्तकंच अशी लिहिलेली की एकटं वाचणाऱ्यालाही समजावीत. आईच्या इतिहासाच्या पुस्तकात समासात तिच्या शंका आहेत आणि त्यांच्याच खाली किराण्याची यादी.

पण खान्देशातला रविवारचा वर्ग याहून जुना आहे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे राजबंद्यांना गीता समजावून सांगत होते. 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार. समोर बसून ते सगळं लिहून घेत होते साने गुरुजी. अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले होते. गंमत अशी की लिहून घेणारे एम.ए., आणि सांगणारे विनोबा 1916 मध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघून मध्येच सुरतला उतरलेले, तिथून थेट काशीला गेलेले. त्या वहीतून 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं.

जळगावचं विद्यापीठ 1990 चं. 2018 मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं गेलं. आसोद्याच्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी इतरांनी लिहून ठेवली, म्हणून 1952 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तक निघू शकलं. आज पदवीच्या कागदावर त्यांचं नाव छापतात.

आईच्या पदवीचं पुढे काय झालं? एका कार्यालयात ती अर्ज घेऊन गेली. टेबलामागच्या माणसानं गुणपत्रिका पाहिली आणि विचारलं, "रेग्युलर नाही का?" अर्ज तिथेच राहिला. मान्यताप्राप्त मुक्त आणि दूरस्थ पदव्या नेहमीच्या पदव्यांच्या बरोबरीच्या आहेत, हे विद्यापीठ अनुदान आयोगाला 2022 मध्येही जाहीर करून सांगावं लागलं. म्हणजे तो प्रश्न फक्त आमच्याच वाट्याला आला नव्हता.

आई मशीनवर परतली. मात्र माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "आधी पदवी." घरात त्यावर कुणी वाद घातला नाही.

परवा तिला धुळ्याच्या तुरुंगातल्या वर्गाची गोष्ट सांगितली. ती काज करत होती. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "मंग त्यांची परीक्षा कोनी घेतली रे?"

"कोणीच नाही."

"बरं झालं," म्हणाली, आणि दोरा तोडला.