पाळीपूर्व त्रास आणि ब-जीवनसत्त्व

पाळी येण्याआधीच्या दिवसांत होणारी चिडचिड, उदासी, स्तनांचा ठणका आणि अंगावरची सूज यांचे कारण संप्रेरकांत, म्हणजे ग्रंथींनी रक्तात सोडलेल्या आणि दूरच्या अवयवांचे काम चालवणाऱ्या द्रव्यांत, शोधण्याचा पहिला ठळक प्रयत्न न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट फ्रँक यांनी १९३१ साली केला. इस्ट्रोजेन शरीराबाहेर पुरेसे टाकले जात नाही आणि साठत जाते, हा तर्क त्यांना इतका पटला होता की तीव्र त्रास असलेल्या काही स्त्रियांच्या बीजकोशांवर त्यांनी क्ष-किरणांचा मारा केला.

त्या तुलनेत संशोधक मॉर्टन बिस्किंड यांनी सुचवलेला आहाराचा मार्ग खरोखर दिलासा देणारा होता. त्यांच्या प्रयोगांत उंदरांच्या प्लीहेत इस्ट्रोजेनची गोळी बसवली जाई. प्लीहेतले रक्त आधी यकृतात जात असल्याने ते द्रव्य तिथेच निकामी होई, मात्र आहारातून ब-जीवनसत्त्वे वगळलेल्या उंदरांत तसे घडत नसे. त्यावरून १९४३ मध्ये त्यांनी पाळीपूर्व त्रासावर ब-गटाची जीवनसत्त्वे सुचवली. प्रयोग नेटका होता, पण उंदरांत मुद्दाम घडवलेला अभाव त्रास सोसणाऱ्या प्रत्येक स्त्रीत असेलच, असे त्यातून ठरत नव्हते.

१९७० नंतर भर ब-६ वर, म्हणजे पिरिडॉक्सिनवर, आला. मनःस्थितीशी निगडित असलेले सेरोटोनिन हे रसायन मेंदूत तयार होण्यासाठी ते लागते, एवढ्या आधारावर, आणि जीवनसत्त्व ते काय बाधणार या समजुतीने, मात्रा वाढत गेल्या. १९८३ साली अमेरिकेत नोंदवलेले सात रुग्ण रोज २ ते ६ ग्रॅम ब-६ घेत होते, तर शरीराची रोजची गरज दीड मिलिग्रॅमच्या आसपास असते. त्यांच्या हातापायांची संवेदना गेली, चालताना तोल जाऊ लागला. त्यांतल्या एका स्त्रीने ही गोळी पाळीपूर्व सुजेसाठीच सुरू केली होती.

शिवाय उपचाराचा खरा गुण औषध नसलेल्या गोळीशी तुलना केल्यावरच कळतो. १९९८ च्या एका मोठ्या चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या स्त्रियांचा त्रास तिसऱ्या पाळीपर्यंत ४८ टक्क्यांनी घटला, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचाही ३० टक्क्यांनी घटला. बिस्किंड यांच्या रुग्णनोंदी मात्र अशा तुलनेवाचूनच मांडल्या गेल्या होत्या. १९९८ मध्येच संशोधक पीटर श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की त्रास होणाऱ्या स्त्रियांत संप्रेरकांचे चढउतार नेहमीसारखेच असतात, त्या चढउतारांना शरीराकडून मिळणारा प्रतिसाद तेवढा वेगळा असतो. त्यामुळे साठलेल्या इस्ट्रोजेनच्या ज्या कल्पनेतून ब-जीवनसत्त्वाचा उपचार निघाला, तिचा आधारच सुटला.