गाडी किती उचलावी?

श्रोतेहो, सिल्वाशाहून खानवेल ओलांडून दुधनीच्या दिशेने निघाले, की सपाटी संपते आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या टेकड्या सुरू होतात. मुख्य रस्ता आज डांबरी आहे. परंतु तो सोडून एखाद्या पाड्याकडे वळावे, तर पावसाळ्यात चिखल, दगड आणि ओहोळ यांतूनच वाट काढावी लागते. अशाच एका पाड्यावरील माझा एक जुना विद्यार्थी गेल्या मे महिन्यात घरी आला. त्याने जीपच्या घडणीची एक जुनी पिकअप घेतली आहे. तीतून भाजी बाजारात जाते, आणि वेळप्रसंगी आजारी माणूस दवाखान्यात जातो. त्याने विचारले, "सर, पावसाळ्यापूर्वी गाडी चार इंच उचलून घेऊ का?"

मी इतिहासाचा शिक्षक; यंत्रविद्या हा माझा विषय नव्हे. तथापि मला वाटले, की या प्रश्नाचे बरेचसे उत्तर इतिहासानेच देऊन ठेवले आहे.

आपल्या बैलगाडीचेच पाहा. तिला स्प्रिंग नव्हती, पण चाके मोठी होती. चाक जितके थोर, तितका त्याचा आस जमिनीपासून वर; म्हणून ती दगडधोंड्यांतून आणि ओढ्यांतून सुखाने जाई. पुढे 1804 साली इंग्लंडमध्ये ओबडाया इलियट या कारागिराने लंबवर्तुळाकार पोलादी स्प्रिंगांवर घोडागाडीचा सांगाडा बसविण्याचे पेटंट घेतले. चाकाने उंची दिली, स्प्रिंगेने हादरा सोसला. ही दोन कामे मुळात निराळी आहेत, हे आपण ध्यानात ठेवू.

दुसऱ्या महायुद्धात, 1940-41 साली, अमेरिकेत जीप जन्मास आली. पुढेमागे पोलादी पाटे, चारही चाकांना इंजिनाचा जोर आणि अरुंद टायर अशी तिची घडण होती. वाळवंटापासून चिखलापर्यंत सर्वत्र फिरलेल्या या गाडीच्या आसाखाली मोकळी जागा किती होती? जेमतेम पावणेनऊ इंच! तिचे सामर्थ्य उंचीत नव्हते. हलकेपणात आणि चारही चाकांच्या पकडीत होते.

स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत जीपची जुळणी सुरू केली, आणि 1952 साली आरंभलेल्या समूह विकास योजनेबरोबर ती देशातील खेडोपाडी पोहोचली. आमचे सिल्वासा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होते. ते 2 ऑगस्ट 1954 रोजी मुक्त झाले, आणि 11 ऑगस्ट 1961 रोजी दादरा व नगर हवेली भारतात विलीन झाली. सरकारी सेवेतून सुटलेल्या जीपगाड्या पुढे शेतकऱ्यांच्या हाती आल्या आणि मालवाहू झाल्या. त्यांच्याबरोबरच त्या उंच करून घेण्याची हौसही आली.

त्या हौसेची किंमत आमच्या घराने मोजली आहे. 1996च्या नाताळात माझा थोरला चुलतभाऊ उंच करून घेतलेल्या गाडीत गवताच्या पेंढ्या भरून टेकडी उतरत होता. एका वळणावर गाडी कलंडली. तो वाचला, परंतु त्याचा उजवा हात कायमचा अधू झाला. वेग फार नव्हता, हे आजही तो शपथेवर सांगतो.

असे का व्हावे? हिशेब साधा आहे. दोन चाकांमधील अंतराचा निम्मा भाग 24 इंच आणि गाडीचा गुरुत्वमध्यही जमिनीपासून 24 इंचांवर आहे, असे धरा. अशी गाडी उभ्या जागी 45 अंशांच्या कलावर उलटेल. गुरुत्वमध्य चार इंच वर गेला, की तीच मर्यादा सुमारे 41 अंशांवर येते. त्यावर उंच भार रचला आणि वळण घेतले, म्हणजे ती आणखी किती घटत असेल, याची कल्पना करावी.

आणि एवढे करून मिळते काय? पाट्यांखाली ठोकळे घातले किंवा पाटा सांगाड्याला जोडणारे दुवे लांब केले, तर सांगाडा वर जातो. आसावरचा गोळा होता तिथेच राहतो. दगडाला लागतो तो बहुधा हा गोळाच! त्याला उचलते केवळ मोठे चाक, तेही चाकाच्या उंचीत जेवढी वाढ होईल, तिच्या निम्मे. ठोकळे पुढच्या आसाखाली तर घालूच नयेत. ब्रेक लावताना पडणारा ताण तेथे धोक्याचा ठरतो. दुवे लांबविल्याने पुढच्या आसाचा कोन बदलतो, आणि गाडी सरळ धरवेनाशी होऊ शकते. शिवाय इंजिनाचा जोर चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचे सांधे वाकड्या कोनात फिरून लवकर झिजतात, आणि ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात.

म्हणून मी त्याला म्हटले, "बाळ, आधी एवढे पाहा, की तुझी गाडी मुळात ठेंगणी आहे, की म्हातारपणी वाकली आहे?" वर्षानुवर्षे ओझे वाहून पाट्यांची कमान बसते, आणि गाडी दीड-दोन इंच खाली येते. मूळ मापाचे नवे पाटे घातले, तर ती गेलेली उंची परत मिळते आणि कोणताही कोन बिघडत नाही. त्याहून अधिक काही करावयाचे, तर परिवहन कार्यालयात आधी विचारावे. नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले आहे.

तो थोडा हिरमुसला. तरुणाला उंच गाडीचा रुबाब हवा असतो. परंतु जूनमध्ये त्याने चारही पाटे मूळ मापाचे बसविले. टायर त्याच मापाचे, पण खोल नक्षीचे घेतले. पुढे श्रावणात एका रात्री पाड्यावरील एका बाळंतिणीला त्याच गाडीतून दवाखान्यात आणल्याचे त्याने मला कळविले. ओहोळाला पाणी अधिक होते, म्हणून ते उतरेपर्यंत तो तासभर थांबला होता. श्रोतेहो, गाडी चार इंच उंच असती, तर तो कदाचित थांबला नसता.