चांद्याची दीक्षा आणि मैत्रीचा धर्म

आपल्या या वनप्रदेशाचा इतिहास लिहू लागले की लेखणी सहजच गोंड राजांच्या परकोटाकडे, महाकालीच्या देवळाकडे आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फासावर गेलेल्या वीर बाबुराव शेडमाके यांच्याकडे वळते. ते योग्यच आहे. तथापि याच नगरीत, ऑक्टोबर महिन्यातच, आणखी एक घटना घडली. तिचा विचार प्रत्येक ज्ञातिमंडळाने करावा असे आम्हांस वाटते. कारण जातीच्या नावाने एकत्र येणाऱ्यांनाच तिने सर्वांत अवघड प्रश्न विचारला आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांस ती दिली. लगेच १६ ऑक्टोबरला ते चांद्यास आले आणि येथेही त्यांनी स्वतः सामुदायिक दीक्षा दिली. त्या वेळचा चांदा जिल्हा वर्धा नदीपासून इंद्रावतीपर्यंत पसरलेला होता. आजचा गडचिरोली जिल्हा त्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. दीक्षेच्या दिवशी तर हा प्रदेश अजून जुन्या मध्य प्रदेशातच होता. चांद्याच्या या सोहळ्यामागे येथलेच सुपुत्र बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचे परिश्रम होते. पुढे हेच राजाभाऊ १९६९ साली राज्यसभेचे उपसभापती झाले. बाबासाहेबांना मात्र त्यानंतर फार आयुष्य लाभले नाही. ५१ दिवसांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

या घटनेस केवळ धर्मांतर म्हणून बाजूस सारणे हा उथळपणा होईल. दीक्षेच्या प्रसंगी ज्या २२ प्रतिज्ञा घेतल्या गेल्या, त्यांत सर्व माणसे समान आहेत असे मानण्याची आणि ती समता प्रत्यक्षात आणण्यासाठी झटण्याची प्रतिज्ञा आहे. तशीच सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याचीही आहे. म्हणजे न्याय आणि प्रेम या दोहोंचा उच्चार एकाच श्वासात झाला. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अन्याय सोसला, त्यांनी न्याय मागावा हे स्वाभाविक होते. परंतु त्यांनीच दयेची शपथ घ्यावी, हे असामान्य होय. बाबासाहेबांच्या मृत्यूनंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बुद्धविषयक ग्रंथात करुणा म्हणजे माणसांवरील प्रेम आणि मैत्री म्हणजे सर्व जीवांवरील प्रेम, असा भेद त्यांनी केला आहे.

ही शपथ स्वस्त नव्हती. मृत जनावरे ओढण्यासारखी, गावाने लादलेली कामे सोडणे म्हणजे गावाचा रोष पत्करणे होते. शिवाय अनुसूचित जातींस मिळणाऱ्या केंद्र सरकारच्या सवलती बौद्धांस १९९० सालच्या दुरुस्तीपर्यंत मिळाल्या नाहीत. मानासाठी एवढी किंमत मोजणाऱ्या शेजाऱ्यांकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहतो, हा प्रश्न मग उरतोच.

कायद्याने आपले काम केले आहे. २६ जानेवारी १९५० पासून घटनेने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ सालच्या कायद्याने ती पाळणे हा दंडनीय अपराध ठरविला. परंतु कायदा विहिरीवर अडविणाऱ्यास शिक्षा करू शकतो. शेजाऱ्यास आपुलकीने घरात बोलावण्यास तो कोणास भाग पाडू शकत नाही. बाबासाहेब हे पुरते जाणून होते. संविधान सभेच्या आरंभीच्या उद्दिष्टांच्या ठरावात 'बंधुता' हा शब्द नव्हता. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने तो उद्देशपत्रिकेत आणला. बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता वरवरच्या रंगासारखी ठरतील, असा इशारा त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता.

याच सुमारास सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेतही हाच विचार आकार घेत होता. माँटगोमेरी शहरातील निग्रो नागरिकांनी ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस शहरातील बसगाड्यांवर बहिष्कार घातला. चांद्यास दीक्षा होत होती तेव्हा तो चालूच होता. त्याचे नेते डॉ. मार्टिन लूथर किंग यांची शिकवण अशी की, अन्यायाशी लढावे, पण अन्याय करणाऱ्याचा द्वेष करू नये. १९५९ साली ते भारतात आले. एका शाळेत अस्पृश्य विद्यार्थ्यांपुढे त्यांची ओळख अमेरिकेतील एक अस्पृश्य अशी करून देण्यात आली. प्रथम त्यांस धक्का बसला. मग विचाराअंती ते म्हणणे खरे आहे असे त्यांस पटले. ही आठवण त्यांनी १९६५ साली एका प्रवचनात सांगितली.

आता आपल्या ज्ञातिमंडळाचा विचार करू. मुलामुलींचे शिक्षण, गरजूंस साहाय्य, विवाह जुळविणे ही मंडळाची कार्ये उपयुक्त आहेत, यात शंका नाही. परंतु आपल्या माणसांवर प्रेम करणे पुरेसे नाही. ज्या संघटनेचे कुंपण तिच्या सभासदांच्या दयेलाही अडविते, ती संघटना कितीही कार्यक्षम असली तरी न्यायाच्या मार्गावर आहे असे म्हणता येत नाही. वसतिगृहातील रिकामी खाट दुसऱ्या समाजाच्या हुशार मुलास द्यावी काय? लग्नाच्या पंगतीत गावातील सर्वांस एका ओळीत बसवावे काय? एखाद्या मुलीने जातीबाहेरचा सुशील वर निवडला तर मंडळाने तिच्या मातापित्यांच्या पाठीशी उभे राहावे काय? आमच्या मते या तिन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थीच असले पाहिजे आणि ते सभेत ठराव करून द्यावे.

प्रतिवर्षी १५ व १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर दूरदूरच्या खेड्यांतून लोक येतात. त्या दोन दिवसांत आपल्यापैकी वाटेवर राहणाऱ्या कुटुंबांनी दारात पाण्याचे माठ भरून ठेवावेत, येणाऱ्यांस घरात बसवावे आणि त्यांच्यासमवेत जेवावे. ज्या पाण्यावरून आपल्या देशात एवढा अन्याय झाला, ते आपल्या हाताने देण्यापासून आरंभ करणे कोणत्याही घरास अशक्य नाही.