मांजरीच्या पिल्लांचे दूध कधी आणि कसे सोडवावे?

घराच्या माळ्यावर किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांजर व्याली, की दोन-चार दिवसांत कुणीतरी पिल्लांपुढे दुधाची वाटी आणून ठेवते. हेतू चांगला असतो, पण अपाय पुष्कळदा याच वाटीने होतो. मांजरीच्या दुधात गायीच्या दुधाच्या साधारण दुप्पट प्रथिने असतात. म्हशीचे दूध स्निग्ध असले तरी त्यातही प्रथिने कमीच पडतात. त्यामुळे पिल्लाचे पोट भरलेले दिसते, पण वजन वाढत नाही, आणि अनेकांना जुलाब सुरू होतात. ४०० ग्रॅमच्या जिवाच्या अंगात पाणी ते किती असणार? एका दिवसाचे जुलाबही त्याच्या जिवावर बेततात.

चौथ्या आठवड्याआधी घाई नको

पहिले तीन आठवडे पिल्लाला आईच्या दुधाखेरीज काहीही लागत नाही, पाणीसुद्धा नाही. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पुढचे बारीक दात फुटू लागतात. ते आईला टोचतात, मग ती मध्येच उठून जाते किंवा उंचावर जाऊन बसते. हा तिचा निष्ठुरपणा नव्हे, दूध तोडण्याची ही सुरुवात आहे. उघड्यावर राहणारी मांजर याच सुमारास मारलेली शिकार पिल्लांपर्यंत आणू लागते. घरातल्या पिल्लांना साधारण चार आठवडे पूर्ण झाल्यावर, ती नीट चालू लागली आणि आईच्या ताटलीत तोंड घालू लागली, की वरचे अन्न दाखवावे. बाळाच्या उष्टावणासारखेच हे असते. पहिल्या दिवशी पोटात किती गेले याला महत्त्व नसते, चव कळली की पुरे.

मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. सातचा आकडा सोडला तर ती जागा बदलते हे खरेच आहे. म्हणून एकटे दिसलेले पिल्लू धोक्यात नसेल, तर लगेच उचलू नये. काही तास लांबून पाहावे, बहुतेक वेळा आई परत येते.

पहिली ताटली

पिल्लांसाठी म्हणून मिळणारे ओले खाद्य, किंवा त्यांचेच कोरडे दाणे कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून पेजेसारखे पातळ करावे. पाण्याऐवजी पिल्लांसाठीची दुधाची पावडर कालवली तर ओळखीचा वास येतो आणि काम सोपे होते. अन्न अंगाइतके कोमट हवे, फ्रिजमधले गार अन्न पिल्लू हुंगून सोडून देते. वाटी नको, बशीसारखी उथळ ताटली घ्यावी. बोटाला थोडेसे अन्न लावून पिल्लाच्या ओठांवर टेकवावे आणि त्याला चाटू द्यावे. डोके धरून तोंड अन्नात बुडवू नये, नाकातून फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. पहिल्या दिवसांत पिल्ले खातात कमी आणि ताटलीत नाचतात जास्त. खाऊन झाल्यावर कोमट ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे, कारण ओले पिल्लू पटकन गारठते. आणि अंग गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, मगच अन्न, कारण गारठलेल्या पोटात ते पचत नाही.

दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्यावे आणि उरलेले टाकून द्यावे. आपल्या उन्हाळ्यात तर तासाभरातच. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत पाणी कमी करत न्यावे. सहाव्या-सातव्या आठवड्यात पिल्लू दाणे कुडूमकुडूम खाऊ लागते, आठव्याच्या आसपास बहुतेक पिल्लांचे दूध सुटलेले असते. या काळात आईला मुद्दाम वेगळे ठेवू नये. बाटलीवर वाढणाऱ्या अनाथ पिल्लाची बाटलीही एकदम तोडायची नसते. आधी ताटली दाखवावी, कमी पडेल ते बाटलीने भरून काढावे.

दूधपोळी आणि दहीभातावर घराघरांत मांजरी जगतात हे खरे, पण त्या उंदीर-पाली मारून उरलेली गरज भागवतात. बंद फ्लॅटमधल्या पिल्लाला ती सोय नाही. मांजरीला टॉरिन नावाचा घटक अन्नातूनच मिळावा लागतो आणि तो मांस-मासळीत असतो. तो कमी पडला तर दृष्टी जाते आणि हृदयाचे स्नायू दुबळे होतात. हृदयविकाराशी असलेला हा संबंध १९८७ मध्ये अमेरिकेत सिद्ध झाला. कुत्र्याचे खाद्यही म्हणूनच चालत नाही. उकडलेली बिनहाडाची कोंबडी अधूनमधून द्यायला हरकत नाही, पण आपल्या रश्श्यातली नको. कांदा-लसणाने मांजरीच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

वजनकाटा आणि डॉक्टर

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा इथे सर्वांत उपयोगी. रोज एकाच वेळी वजन करावे. जन्मतः साधारण १०० ग्रॅमचे पिल्लू आठवड्याला सुमारे १०० ग्रॅमने वाढते. वजन घटले, जुलाब लागले किंवा पिल्लू मरगळले तर वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे. जंत आईच्या दुधातूनही येतात, तेव्हा पोट फुगलेले पण अंग हाडकुळे दिसत असेल तर जंताचे औषध वजनानुसार विचारून घ्यावे. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत.

आईकडेही लक्ष हवे. पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते आणि जेमतेम नऊ आठवड्यांत विते. पिल्लांचे दूध सुटून तिची कास आटली, की नसबंदीची तारीख ठरवता येते. तोवर तिला बोक्यांपासून दूर, घरातच ठेवावे लागते.