जत संस्थान : सीमा आणि पाणलोट

जतचे पठार कृष्णा आणि भीमा यांच्या मधल्या उंचवट्यावर आहे. इथे पडणारे पाणी इथे थांबत नाही. उत्तरेकडचे ओढे कोरडा नदीतून माणकडे जातात, पूर्वेकडची बोर नदी भीमेला मिळते आणि याच डोंगराळ भागात उगम पावणारी डोण विजापूरच्या काळ्या रानातून कृष्णेला जाते. पाऊस वर्षाला सरासरी सुमारे ५०० मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. त्यामुळे शेती ज्वारी-बाजरीची आणि जोडीला मेंढपाळी. माडग्याळची मेंढी याच मुलखातली.

पाण्याने इथला इतिहासही घडवला. १६७३ मध्ये जतजवळच्या उमराणी इथे मराठ्यांचे सरनोबत प्रतापराव गुजर यांनी आदिलशाही सरदार बहलोलखानाच्या फौजेचे पाणी तोडले आणि खानाला शरण यावे लागले.

संस्थानाचे मूळ डफळापूरच्या पाटीलकीत आहे. आदिलशाहीत सटवाजीराव डफळे यांना देशमुखी मिळाली. १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर ते काही काळ स्वतंत्र राहिले, मग औरंगजेबाकडे गेले आणि जत व करजगी हे महाल, म्हणजे महसुली विभाग, त्यांच्या घराण्याकडे आले. संस्थानाची हद्द अशी महालांच्या सनदांनी ठरली. नदी किंवा डोंगररांग पाहून ती आखलेली नव्हती.

इंग्रजांशी झालेल्या १८२० च्या तहाने जत साताऱ्याच्या छत्रपतींची जहागीर म्हणून कायम झाले. १८२७ मध्ये कर्जापायी ते साताऱ्याने ताब्यात घेतले आणि कर्ज फिटल्यावर १८४१ मध्ये परत दिले. सातारचे राज्य खालसा झाल्यावर जत थेट इंग्रजांच्या अखत्यारीत आले आणि पुढे विजापूरच्या कलेक्टरकडे त्याची देखरेख गेली. १९१७ मध्ये डफळापूरची वेगळी जहागीरही जतमध्ये मिसळली. दोन्ही मिळून क्षेत्र सुमारे ९८० चौरस मैल होते.

१९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९४९ मध्ये नव्या दक्षिण सातारा जिल्ह्याचा तालुका बनले. १९६० मध्ये या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. त्याआधी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, विजापूर म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेले आणि जतची पूर्वेकडची शीव राज्याची सीमा झाली. उमदी, संख या पट्ट्यात मराठीबरोबर कन्नडही घरोघर बोलली जाते आणि गुड्डापूरच्या दानम्मादेवीला दोन्हीकडचे भाविक येतात.

पाणलोटाचा प्रश्न मात्र सीमा बदलूनही सुटला नाही. तालुका उंचावर असल्याने कृष्णेचे पाणी म्हैसाळ योजनेतून टप्प्याटप्प्याने उपसून वर चढवावे लागते. पूर्व भागातील गावे दीर्घकाळ या पाण्यापासून वंचित राहिली. कर्नाटकात जाण्याची भाषा तिथे वेळोवेळी झाली, ती मुख्यतः याच कारणाने.