आवाज बारीक का येतो? घरच्या स्टुडिओतील ध्वनिपातळीची तपासणी

संगणक, मायक्रोफोन आणि ऑडिओ इंटरफेस एवढ्या सामग्रीवर घरातल्या एखाद्या खोलीत गाणे ध्वनिमुद्रित करणे आता अनेकांच्या आवाक्यात आले आहे. मात्र, मनासारखे जमलेले गायन ऐकायला बसावे, तर आवाज दूरवरून आल्यासारखा बारीक, असा अनुभव नवख्यांना हमखास येतो. नंतर संगणकावर आवाज वाढवता येतो हे खरे. पण त्याबरोबर पंख्याची घरघर आणि यंत्रणेतील खरखरही वाढते. रंगलेली मैफल पुन्हा तशीच रंगेल याची खात्री नसते. त्यामुळे दोष मुद्रणापूर्वीच, उगमापासून क्रमाने शोधणे इष्ट.

मायक्रोफोनपासून सुरुवात

अंतर दुप्पट झाले की थेट पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. गायकाने मायक्रोफोनपासून साधारण १५ ते २० सेंटिमीटरवर असावे. जवळ आल्याने आवाज वाढतो आणि खोलीतील गोंगाट तेवढाच राहतो. हा लाभ गेन वाढवून मिळत नाही. अनेक स्टुडिओ मायक्रोफोन टोकाकडून नव्हे, तर एका बाजूने आवाज घेतात. गायक मागच्या बाजूला उभा असेल, तर पातळी घसरणारच. मायक्रोफोनवर आवाज कमी करणारे 'पॅड'चे बटण असल्यास तेही पाहावे.

कंडेन्सर प्रकारच्या मायक्रोफोनला बहुधा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. इंटरफेसवरील ते बटण बंद असल्यास आवाज येत नाही किंवा अगदी क्षीण येतो. डायनॅमिक मायक्रोफोनला हा पुरवठा लागत नाही; पण त्याचा संकेत दुबळा असतो. शुअर कंपनीच्या 'एसएम ७ बी'साठी किमान ६० डेसिबल गेन देणारा प्रीअँप असावा, असे कंपनीच सुचवते. इंटरफेसची क्षमता त्याहून कमी असेल, तर मृदू आवाजाच्या गायकाला ती अपुरी पडते.

केबल आणि जोडणी

मायक्रोफोन लाइन इनपुटला जोडणे ही नेहमीची चूक. गिटारसाठी 'इन्स्ट्रुमेंट' आणि कीबोर्डसाठी 'लाइन' हा पर्याय निवडावा. घरगुती आणि व्यावसायिक उपकरणांच्या लाइन पातळीत सुमारे १२ डेसिबलचा फरक असतो, हेही ध्यानात ठेवावे. मायक्रोफोनची बॅलन्स्ड केबल संगणकाच्या स्टिरिओ खाचेत घातल्यास डावा व उजवा संकेत परस्परविरोधी होतात. ते एकत्र केल्यावर आवाज जवळजवळ नाहीसा होतो.

संगणकातील घोटाळा

मायक्रोफोनच्या जाळीवर नखाने हलकेच खाजवावे. खरखर स्पष्ट उमटली नाही, तर संगणक स्वतःच्याच अंगभूत मायक्रोफोनवरून मुद्रण करत असण्याची शक्यता असते. सॉफ्टवेअरमधील फेडर सहसा फक्त ऐकण्याची पातळी बदलतो. मुद्रणाची पातळी इंटरफेसवरील गेनने ठरते.

कमी म्हणजे किती?

डिजिटल मापकावर शून्य ही कमाल मर्यादा असून ती ओलांडल्यास आवाज फाटतो. २४ बिट मुद्रणाचा सैद्धांतिक पल्ला सुमारे १४४ डेसिबल, तर १६ बिटचा ९६ डेसिबल असतो. त्यामुळे २४ बिटवर सर्वोच्च पातळी उणे १२ ते उणे १० डेसिबल राहिली तरी पुरे. बाजारातील गाणी मोठी वाटतात ती मास्टरिंगमुळे. कच्च्या मुद्रणाची त्यांच्याशी तुलना करू नये.

गेन ठरवताना संथ आलापाऐवजी तार सप्तकातील सर्वांत जोरकस जागा गाऊन पाहावी. एका वेळी एकच बदल करून अर्ध्या मिनिटाची चाचणी घ्यावी. एवढे केल्यावरही आवाज अपुराच राहिला, तरच नव्या उपकरणाच्या खर्चाचा विचार करावा.